पुतळे वाजवून पाहणारे सर

माणसाने माणसावर संशय घ्यावा हे मला समजतं. पुण्यात राहायला आल्यापासून तर जरा जास्तच समजतं. पण पुतळ्यांवर संशय घेणारा माणूस मी आजवर एकच पाहिला, आणि त्याच्या शेजारच्या टेबलावर बसून तीन वर्षं नोकरी केली.

आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. ते कधी कुणाचे शिक्षक नव्हते. बांधकाम खात्यातून निवृत्त झाले आणि शहरातल्या पुतळ्यांची व जुन्या इमारतींची नोंद ठेवणाऱ्या आमच्या छोट्या कार्यालयात मानधनावर आले. मी तिथे कंत्राटी आर्किटेक्ट. कार्यालय म्हणजे दोन खोल्या. ज्या इमारतीत त्या होत्या, ती इमारतही आमच्याच यादीत होती. त्यामुळे भिंतीत खिळा ठोकायचा तरी परवानगी लागायची, आणि परवानगी देणारे आम्हीच असल्यामुळे ती कुणी देत नव्हतं. कॅलेंडर तीन वर्षं एका खुर्चीवर बसून होतं.

पहिल्या दिवशी सरांनी मला विचारलं, "कुठल्या?"

"अकोल्याची."

"मग इकडे कशा?"

"नोकरीसाठी."

"अकोल्यात पुतळे नाहीत?"

"आहेत."

"मग त्यांच्याकडे कोण बघतं?"

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही उलटी ठेवली. म्हणजे मी वाचू नये म्हणून.

अंगाने काटकुळे, कोपरापर्यंत कधीही न दुमडलेल्या बाह्या, मनगटाचं बटण लावलेलं. खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत स्टीलचा टेप, शिंप्याचा टेप (स्टीलच्या टेपवर विश्वास नाही म्हणून), बॅटरी, लोहचुंबक, दाताचे डॉक्टर वापरतात तसला दांडीचा छोटा आरसा आणि पाण्याची बाटली. बाटलीच्या झाकणावर आणि गळ्यावर पेनने एक उभी रेघ मारलेली होती. झाकण कुणी उघडून परत लावलं, तर दोन्ही रेघा जुळणार नाहीत असा हिशेब. त्या पाण्यात कुणाला काय रस असणार, असं मी एकदा विचारलं. "नसेलच," ते म्हणाले, "पण मग रेघ मारायला काय हरकत आहे?"

पुतळ्याकडे जायची त्यांची एक पद्धत होती. कधीही समोरून जायचं नाही. आधी वळसा घालून मागे जायचं. माठ विकत घेताना बायका पेराने टिचकी मारून बघतात, तसा पुतळा पाठीत दोन-तीन ठिकाणी वाजवायचा. ब्राँझचा पोकळ पुतळा खोल आवाज देतो आणि तो थोडा वेळ टिकतो. फायबरचा नुसता थप्प करतो. एका बागेत "ब्राँझ" असा फलक लावलेला पुतळा त्यांनी वाजवला आणि तो थप्प वाजला. नोंदवहीत त्यांनी लिहिलं, "फलक जड, पुतळा हलका." बागेचा रखवालदार तोवर काठी घेऊन आला होता. मागे काय करताय, म्हणून दरडावायला लागला. सर शांतपणे म्हणाले, "तुम्ही पुढून बघा, मी मागून बघतो. मग जुळवून घेऊ."

"समोरचं दाखवायलाच असतं, झाकलंय ते बघत जा," हे त्यांचं आवडतं वाक्य. कोनशिलांवर त्यांचा विशेष राग होता. अमुकांच्या शुभहस्ते, तमुकांच्या अध्यक्षतेखाली, शिल्पकार हे, देणगीदार ते. सगळी नावं ते मोठ्याने वाचायचे आणि म्हणायचे, "यातल्या एकाच्या तरी हाताला चटका बसला होता का?" मला वाटायचं हा नेहमीचा पुणेरी तिरकसपणा. त्यात आणखी काही असेल असं मला कधी वाटलं नाही.

कागदांच्या बाबतीत तर विचारूच नका. कोणताही कागद ते तीनदा वाचायचे. दोनदा वरून खाली आणि तिसऱ्यांदा खालून वर, कारण खालून वाचताना डोळा गुंगत नाही. मग सही, आणि सहीच्या शेवटाला जोडून पानाच्या काठापर्यंत सरळ रेघ, म्हणजे नंतर कुणी दोन शब्द घुसडायला नकोत. माझा पहिला अहवाल सहा वेळा परत आला होता. सहाव्या वेळी चूक सापडली नाही म्हणून त्यांनी मला विचारलं की हा कुणाकडून लिहून घेतलात.

दुसऱ्या महिन्यात मला जुन्या नोंदवहीत दोन पानांच्या मध्ये पांढरा दोरा सापडला. मी तो काढून टाकला. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "अठ्ठावन्न नंबरचं पान बघितलंत. विचारून बघत चला." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळी धायरीच्या बसमध्ये उभ्याने जाताना मी ठरवलं की आपणही डोळे उघडे ठेवायचे. आपल्यावर जो एवढा संशय घेतो, त्याच्याच पदरात काहीतरी असणार. चोराच्या मनात चांदणं, असं आमची आई म्हणायची. संशय खरजेसारखा असतो, शेजारी बसलं की लागतो. मला तो त्या बसमध्ये लागला.

तरीही त्यांचा संशय पुष्कळदा खरा निघायचा, ही खरी अडचण होती.

स्टेशनकडच्या एका जुन्या दगडी धर्मशाळेचं प्रकरण घ्या. विश्वस्तांना ती पाडायची होती. इमारत धोकादायक आहे, भिंतीला चीर गेलीय आणि ती रोज वाढतेय, असा त्यांचा अर्ज. चीर होतीच. पण वाढते की नाही हे बघायला एक साधा उपाय असतो. चिरेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही बाजूंनी पक्की चिकटवायची. भिंत हलली तर काच तडकते. सरांनी पाच पट्ट्या लावल्या. विश्वस्तांनी पेढे आणले होते. सरांनी बॉक्स उघडून पेढे बघितले, झाकण लावलं आणि बॉक्स त्यांच्याच गाडीच्या सीटवर नेऊन ठेवला.

तीन आठवड्यांनी आम्ही गेलो तर पाचही काचा फुटलेल्या. विश्वस्त चेहरे पाडून उभे. मी शिडीवर चढले. चार काचा जवळून बघितल्या आणि मला काहीतरी खटकलं. भिंत हलली असती तर काचेला एक उभा तडा गेला असता. इथे मधोमध कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडल्या होत्या. मी खाली येऊन सरांच्या कानात सांगितलं. ते स्वतः चढले, आरसा लावून बघितलं आणि उतरून विश्वस्तांना म्हणाले, "भिंत मोठी हुशार आहे हो. बरोबर काचेच्या मध्यावर ठोसा मारते." धर्मशाळा अजून उभी आहे.

परत येताना त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवलं. एरवी ते कुणाला बसवत नसत, मागचा माणूस काय करतोय ते दिसत नाही म्हणून. चौकात सिग्नलला थांबल्यावर मान न वळवता म्हणाले, "तुम्हाला बघता येतं." एवढंच. त्यानंतर नोंदवहीतले दोरे बंद झाले.

मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, आता नवीन कुठली युक्ती काढली असेल. मी दोऱ्याच्या जागी केस शोधले, पेन्सिलचे ठिपके शोधले. काही सापडलं नाही, तेव्हा तर मला खात्रीच पटली.

आमच्याकडे हेडक्लार्क असलेल्या एक बाई होत्या. त्या चहाच्या वेळी हळू आवाजात माहिती द्यायच्या. एकदा त्यांनी सांगितलं की सरांचे वडील भट्टीवर होते, धातू वितळवायचं काम. मग खाली बघून म्हणाल्या, "ब्राँझला बाजारात काय भाव आहे, कल्पना आहे तुम्हाला?" बस, एवढंच बोलल्या. पुढचं सगळं मी माझ्या मनाने जोडलं.

आता त्या अर्धपुतळ्याबद्दल सांगते. जुन्या पेठेच्या तोंडाशी एक लहान चौक आहे, तिथे एका डॉक्टरांचा छातीपर्यंतचा पुतळा आहे. प्लेगच्या काळात घरोघर जाऊन त्यांनी रोगी तपासले, त्यांच्या आठवणीसाठी पुढे लोकांनी तो बसवला. बंद गळ्याचा कोट, उंच कॉलर, डोक्यावर पगडी. काम चांगलं, पण शहरात याहून चांगले दहा आहेत. तरी डॉक्टरांच्या जयंतीला त्या पुतळ्याला हार घालायला शिडीवर चढायचे ते सरच. आमच्या कार्यालयाचं ते काम नव्हतं. शिपाई होते, माळी होता. सर कुणाला चढू द्यायचे नाहीत. म्हणायचे, "हाराची तार टोचते, धातूला चरा पडतो." चरा पडतो हे खरंच होतं. पण बाकीच्या पुतळ्यांना टोचलेली तार त्यांना कशी चालते, असा प्रश्न मला पडला.

एका रविवारी सकाळी मी कोथरूडला मैत्रिणीकडे चालले होते. बस त्या चौकात अडकली. खिडकीतून बघते तर सर. पुतळ्याच्या मागे, चौथऱ्याच्या कडेवर उभे. डावा हात रेलिंगला, उजवा हात डॉक्टरांच्या कॉलरच्या आत, मनगटापर्यंत. आणि हात हलत होता. पुढे-मागे, पुढे-मागे, काहीतरी घासल्यासारखा. मी मोबाइल काढेपर्यंत बस सुटली.

सोमवारी जेवायच्या सुट्टीत मी एकटी गेले. बॅटरी आणि सरांच्या आरशासारखाच एक आरसा घेऊन. तो मी स्वतःच विकत घेतला होता, यावरून माझं काय झालं होतं ते कळेल. कॉलरच्या आत, डाव्या बाजूला, अंगठा बसेल एवढा खळगा होता. सगळा पुतळा काळपट हिरवा आणि तेवढीच जागा सोन्यासारखी चकचकीत. उघडा धातू, ताजा घासलेला. चोर सापडल्याचा आनंद असतो, तो मला झाला. खोटं कशाला बोलू?

आज मला कळतं की अंगठ्याएवढ्या खळग्यातून कुणी किती धातू नेणार? चिमूटभर. पण तेव्हा असला विचार करायला माझं डोकं ठिकाणावर कुठे होतं? मला वाटलं, दर रविवारी एकेक पुतळा, एकेक चिमूट.

पुढच्याच महिन्यात त्या चौकात रस्त्याचं काम निघालं. पुतळा काढायचा, साफ करायचा आणि काम झाल्यावर नव्या चौथऱ्यावर बसवायचा असं ठरलं. काढण्याआधी त्याच्या अवस्थेचा तक्ता बनवायचं काम माझ्याकडे आलं. तक्त्यात तीन रकाने: जागा, दोष, उपाय. उपायाचा रकाना काम करणारा कारागीर भरतो. मी अकरा दोष लिहिले. पगडीवर पक्ष्यांच्या विष्ठेचे डाग, उजव्या खांद्यावर चरा, असं करत करत नववा लिहिला: "कॉलरच्या आत डाव्या बाजूस अंगठ्याएवढा खळगा. धातू उघडा. अलीकडे घासल्याच्या खुणा."

हे मी पुतळ्यासाठी लिहिलं नव्हतं. सरांनी ते वाचावं म्हणून लिहिलं होतं. वरिष्ठ म्हणून तक्त्यावर त्यांची सही लागणार होती. तीनदा वाचतील, नवव्या ओळीवर थांबतील, आणि मी समोर बसून त्यांचा चेहरा बघेन. एवढीच माझी योजना.

मी तक्ता त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी पेन उघडलं. "तुम्ही स्वतः बघून लिहिलंय ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी खाली सही केली, काठापर्यंत रेघ ओढली आणि तक्ता माझ्याकडे सरकवला. एकही ओळ वाचली नाही.

मी तक्ता उचलला. मग मनात म्हटलं, किती पक्का माणूस आहे. आत काय आहे ते याला आधीच ठाऊक आहे, म्हणून वाचायचं टाळलं. तक्त्याची एक प्रत फाइलमध्ये गेली, एक धायरीच्या कारागिराकडे.

पाच महिन्यांनी, जयंतीच्या आदल्या रात्री, पुतळा परत आला. छान झाला होता. जयंतीच्या दिवशी सकाळी मांडव, खुर्च्या, नगरसेवक, डॉक्टरांच्या घराण्यातल्या एक आजीबाई, आणि शिडी. सर नेहमीसारखे हार घेऊन चढले. हार घातला, नीट केला. मग उजवा हात कॉलरच्या आत गेला. मी खालून बघत होते, टक लावून. हात आत थोडा हलला. थांबला. परत हलला. एवढा वेळ गेला की खालून कुणीतरी म्हणालं, "अहो, नाडी लागत नाहीये का डॉक्टरांची?" लोक हसले.

सर उतरले. एरवी ते उतरताना प्रत्येक पायरी पायाने चाचपून बघायचे, त्या दिवशी भराभर उतरले. माईकपाशी नगरसेवक उभे होते, त्यांच्या शेजारी जाऊन साध्या आवाजात म्हणाले, "हा तो नाही. पुतळा बदललाय." माईक चालू होता.

पुढे जे व्हायचं ते झालं. मोबाइलवर गटागटांतून व्हिडिओ फिरला. पुतळाचोरीची बातमी, मग बातमीवर विनोद. कारागिराने सांगितलं की माझी गावभर अब्रू गेली, मी कोर्टात जाणार. आमच्या साहेबांनी सरांना लेखी तक्रार द्यायला सांगितलं. ती त्यांनी त्याच दिवशी दिली: मूळ पुतळा बदलून नक्कल बसवण्यात आली आहे. पुरावा काय, या प्रश्नावर लिहिलं, "सुनावणीत सांगेन." दहा दिवसांनी सुनावणी ठरली. आरोप सिद्ध झाला नाही तर त्यांचं मानधनाचं काम जाणार हे उघड होतं, आणि चाळीस वर्षं खात्यात मिळवलेलं नावही. साहेबांनी त्यांना समजावलं, हेडक्लार्क बाईंनी समजावलं. ते ऐकेनात.

माझा संशय मात्र आता दुसऱ्या टोकाला गेला. मला वाटलं, यांनीच अस्सल पुतळा कुठेतरी पोचवला आणि आता ओरडतायत. आणि तीन दिवसांनी, संध्याकाळी सगळे गेल्यावर, सरांनी मला थांबवलं. दार लावलं, बाहेर कुणी आहे का ते बघितलं, मग खुर्ची ओढून समोर बसले.

"तुम्हाला म्हणून सांगतो," ते म्हणाले. "सुनावणीआधी कुणाला कळलं तर नकलेवरही तशीच खूण करतील. खऱ्या पुतळ्याच्या कॉलरच्या आत एक अंगठा आहे."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील ओतारी. आधी मेणाचा पुतळा करतात, त्यावर मातीचा लेप देतात, भट्टीत मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत धातू ओततात. मेणावर जे असेल ते धातूत उतरतं. डॉक्टरांचा पुतळा वडिलांच्या हातचा. शिल्पकाराने मातीत घडवला, पण मेण आणि धातूचं सगळं काम यांचं. वडिलांना लिहिता येत नव्हतं. पगाराच्या कागदावर अंगठा उठवायचे. शिल्पकार एक दिवस जेवायला गेला असताना त्यांनी मेणाच्या कॉलरमध्ये, कुणाला दिसणार नाही अशा जागी, अंगठा दाबून ठेवला. आयुष्यभर कुणाला बोलले नाहीत. शेवटच्या आजारात मुलाला सांगितलं, कॉलरच्या आत हात घालून बघ.

"मी गेलो, घातला. माझा अंगठा बरोबर बसला," सर म्हणाले. "तेव्हापासून दर रविवारी जातो. शहरात इतक्या कोनशिला आहेत, वडिलांची सही तेवढी एकच." मग माझ्याकडे बघून, आजवर मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी न पाहिलेल्या आशेने म्हणाले, "खरा कुठेतरी असणार. कुणाच्या तरी बंगल्याच्या बागेत. अंगठा शाबूत असणार. शोधून काढू आपण."

'आपण' म्हणाले.

मला माझी नववी ओळ आठवली. तरी मनाच्या एका कोपऱ्यात अजून आशा होती की पुतळा खरोखरच बदलला असेल. इतकी स्वार्थी आशा मी कधी केली नसेल. दुसऱ्या दिवशी मी धायरीच्या त्या कारागिराच्या शेडमध्ये गेले. तो मिस्त्री गावातलाच, भावकीची जमीन विकली गेल्यावर या कामात आलेला. मला बघून आधी चिडला, मग खुर्ची पुसून दिली. मी तक्ता मागितला. त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून काढला. माझ्याच अक्षरातल्या अकरा ओळी, आणि प्रत्येकीपुढे बरोबरची खूण.

"म्याडम, तुमी ल्हिलेला एक बी दोष ठिवला न्हाय," तो म्हणाला. "ह्यो नऊ नंबरचा लई अवघड हुता. आत हात जात न्हाय. दोन दिस घातलं. भरला, घासला, औशिद लावून रंग जुळवला. आता कुनी सांगूनशान दावावं हितं खड्डा हुता म्हून."

मी म्हटलं, छान केलंय. दुसरं काय म्हणणार?

सुनावणीला सहा दिवस होते. मी खूप विचार केला, म्हणजे पळवाटा शोधल्या. गप्प राहिले तर सर सुनावणीत अंगठ्याची गोष्ट सांगतील, कारागीर हा तक्ता दाखवेल, आणि सगळ्यांसमोर सरांना कळेल की अंगठा गेला आणि त्या कागदावर त्यांचीच सही आहे. आधी सांगितलं तर एवढंच की सगळ्यांसमोर कळणार नाही. अंगठा दोन्हीकडे गेलेलाच होता. मला स्वतःला वाचवायला तिसरी वाट नव्हती. असती तर मी घेतली असती, असं मला वाटतं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी तक्त्याची प्रत त्यांच्या टेबलावर ठेवली आणि नवव्या ओळीवर बोट ठेवलं. सगळं सांगितलं. बसमधून पाहिलेलं, आरसा घेऊन गेलेलं, त्यांना पकडायला ही ओळ लिहिली ते, शेडमध्ये मिस्त्री काय म्हणाला ते. बोलताना रडू आवरत नव्हतं, आणि त्याचाही मला राग येत होता, कारण रडायचा हक्क माझा नव्हता.

त्यांनी तक्ता वाचला. वरून खाली. मग परत. मग खालून वर. स्वतःच्या सहीपाशी बराच वेळ थांबले.

"नोंद चुकीची नाही," शेवटी ते म्हणाले. "घासल्याच्याच खुणा होत्या. अंगठ्याच्या रेषा मला पहिल्यांदा हाताला लागल्या होत्या. दहा-बारा वर्षांत गेल्या. मीच घालवल्या, रविवारी रविवारी. तुम्हाला दिसला तो नुसता खड्डाच."

मग त्यांनी कोरा कागद घेतला. सुनावणीत तोच वाचला गेला: पुतळा मूळचाच आहे, माझा गैरसमज झाला, कारागिराची क्षमा मागतो. खाली सही आणि काठापर्यंत रेघ. अंगठ्याचा उल्लेख नाही, तक्त्याचा नाही, माझा तर नाहीच. समितीतल्या एकांनी वयाचा विषय काढला, एकांनी डोळे तपासून घ्यायला सुचवलं. सर ऐकून घेत होते. मी मागच्या खुर्चीवर बसले होते आणि उठून बोलले नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

महिनाअखेर त्यांचं काम संपवायचं ठरलं. उरलेले वीस दिवस ते रोज वेळेवर यायचे. मला वाटत होतं, आता तरी माझ्यावर संशय घेतील. माझी टिपणं उलटसुलट तपासतील, वहीत परत दोरा ठेवतील, कुठे गेला होतात म्हणून विचारतील. मी वाट बघत होते. मला ते हवं होतं, तहान लागावी तसं हवं होतं. त्यांनी काहीच केलं नाही. मी कागद ठेवला की ते सही करायचे.

शेवटच्या दिवशी मी एका घड्याळाच्या मनोऱ्याचा तक्ता त्यांच्यासमोर ठेवला. चौदा दोष. त्यांनी पेन उघडलं आणि थेट खालची जागा शोधली. मी कागदावर हात ठेवला.

"सर, एकदा वाचा ना," मी म्हटलं.

त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला आणि सही केली.

"चष्मा नाही आणला आज," ते म्हणाले. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता.